फोर-व्हील गाडीच्या टायरांची झीज व फेरपालट

बैलगाडीच्या चाकाची धांव सैल झाली म्हणजे आपण लोहारापाशीं जातों, तेवढ्या एका चाकाची धांव तापवून बसवून घेतों, आणि गाडी पुन्हां चालूं लागते. दुसऱ्या चाकाची धांव जुनी आहे कीं नवी, पातळ झाली आहे कीं जाड आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं, व तसें करण्याचें कारणहि नसतें. कारण गाडीचीं दोन्ही चाकें आंसाच्या दोन टोंकांवर आपापलीं स्वतंत्र फिरतात. एक चाक दहा फेरे फिरलें आणि दुसरें साडेदहा फिरलें तरी आंसास त्याचें सुखदुःख नाहीं. पिढ्यान् पिढ्या अंगवळणीं पडलेली ही संवय आपण नकळत मोटारीच्या टायरांसहि लावतों. जो टायर फाटला तेवढाच नवा घालावा, जे दोन गुळगुळीत झाले तेवढेच दोन बदलावे, बाकीचे आणखी एक पावसाळा काढतील, असा आपला हिशेब असतो. साध्या मोटारीस हा हिशेब पुष्कळसा चालून जातो. फोर-व्हील गाडीस तो चालत नाहीं, आणि कां चालत नाहीं हें आम्हीं पैसे भरून शिकलों आहों. तेंच येथें सांगावयाचें आहे.

फोर-व्हील गाडी म्हणजे जिच्या इंजिनाची ओढ मागील दोन चाकांवरच न राहतां पुढील दोन चाकांसहि देतां येते अशी गाडी. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालापासून अमेरिकन सैन्यासाठीं बांधली गेलेली विलिस जीप ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. तिच्यांत पुढील चाकांची ओढ जोडण्या-सोडण्यासाठीं निराळा दांडा ठेवला होता. आज आपल्या भागांत ज्या जीपवजा गाड्या शेतकऱ्यांच्या दारांत उभ्या आहेत त्यांपैकीं बहुतेकांची आंतील रचना तत्त्वतः तीच आहे. दांड्याच्या जागीं कोठें खटका आला असेल इतकेंच. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत आषाढ लागला म्हणजे मळ्यापर्यंत जाण्यास या ओढीवांचून गति नसते, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

आमच्या गाडीचे मागील दोन टायर झिजले तेव्हां आम्ही तालुक्याच्या गांवीं दुकानांत गेलों. दुकानदारानें गाडी पाहिली, पुढील टायरांवरून हात फिरविला आणि चारही घ्यावे असें सुचविलें. आम्ही तीस वर्षें महसूल कचेरींत कारकुनी केलेली. समोरचा मनुष्य मागितल्यापेक्षां अधिक देऊं लागला म्हणजे त्याच्या हेतूविषयीं शंका घेणें हा आमचा स्वभावच होऊन बसला आहे. ही विक्रीची युक्ति आहे असें ठरवून आम्हीं दोनच टायर घेतले, मागें बसविले, आणि दोन टायरांचे पैसे वांचविल्याच्या समाधानांत घरीं आलों. पुढील टायरांवर त्या वेळीं जेमतेम दोन मिलिमीटर नक्षी उरली होती.

पुढें पावसाळ्यांत एके दिवशीं मळ्यांतून निघतांना चिखलांत पुढील ओढ जोडली. डांबरी सडकेवर आल्यावर ती सोडूं गेलों तों दांडा जागचा हालेना. पुष्कळ जोर केला, व्यर्थ. चिरंजीव म्हणाले, राहूं द्या, घरीं गेल्यावर पाहूं. घर तेथून अकरा किलोमीटर. वाटेंत सुकाणूं जड झालें, वळणावर टायर किंचाळूं लागले, आणि गांवाच्या अलीकडील शेवटच्या वळणावर गाडीच्या पोटांतून कडाड् असा आवाज आला. मिस्त्रींनीं ट्रान्स्फर केस, म्हणजे जींतून ओढ पुढें व मागें वांटली जाते ती दंतचक्रांची पेटी, उघडली तेव्हां तेलांत दांतांचे तुकडे निघाले. त्यांनीं खालीं बसून एकदां पुढील टायर पाहिले, एकदां मागील पाहिले, आणि म्हणाले, “अण्णा, गाडीला दोन पाय घोड्याचं आन् दोन गाढवाचं लावल्यासा. ती चालंल कशी?” दुरुस्तीचा खर्च वांचविलेल्या दोन टायरांच्या पांचपट आला.

मिस्त्रींच्या बोलण्याचा अर्थ नीट कळावा म्हणून थोडें आंतील कामकाज पाहिलें पाहिजे. खळ्यावर तिवड्याभोंवतीं पात फिरतांना आंतल्या बाजूचा बैल जवळ जवळ जागच्या जागीं पाय टाकतो व बाहेरच्या बैलास मोठा फेर घालावा लागतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. मोटार वळतांना तिच्या चाकांचें तसेंच होतें. बाहेरील चाकास अधिक अंतर काटावें लागतें, आंतील चाकास कमी. दोन्ही चाकें एकाच आंसास घट्ट जखडलेलीं असतीं तर एकास फरपटावें लागलें असतें. तसें होऊं नये म्हणून आंसाच्या मधोमध डिफरन्शियल नांवाची दंतचक्रांची जुळणी असते. ती ओढ तर दोन्ही चाकांस देते, पण एकास जलद व दुसऱ्यास सावकाश फिरण्याची मोकळीक ठेवते. अशी एक जुळणी मागील आंसांत असते व एक पुढील आंसांत.

आतां लक्ष देण्याची गोष्ट ही, कीं वळणावर फक्त डाव्या-उजव्या चाकांचेंच अंतर निराळें होतें असें नाहीं. पुढील आंस मागील आंसापेक्षां मोठा फेर घेतो. समजा, दोन आंसांमधील अंतर २·४ मीटर आहे आणि मागील आंसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत फिरत आहे. एका पूर्ण फेऱ्यांत मागील आंस ३१·४ मीटर चालेल. पुढील आंस मात्र सुमारें ३४·८ मीटर चालेल. म्हणजे पुढच्यास शेंकडा अकरा अधिक चालणें आलें. आणि जीपसारख्या गाडींत पुढील व मागील आंसांच्या मध्यें कोणतेंहि डिफरन्शियल नसतें. पुढील ओढ जोडतांच दोन्ही आंसांकडे जाणारे शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्यें एकमेकांस जखडले जातात. मागचा शाफ्ट जितका फिरेल तितकाच पुढचा फिरणार. कमी नाहीं, जास्त नाहीं.

मग तो साडेतीन मीटरांचा फरक जातो कोठें? चिखलांत, वाळूंत, ओल्या गवतांत टायर थोडा घसरतो व फरक जिरून जातो; गाडीस कळतहि नाहीं. कोरड्या डांबरावर टायर घसरूं शकत नाहीं. तेव्हां तो फरक शाफ्टांत पिळाच्या रूपानें सांठूं लागतो. चऱ्हाट वळतांना एक टोंक धरून दुसरें फिरवीत राहिलें म्हणजे पीळ वाढत वाढत शेवटीं दोर आपोआप आंकडा घेतो, तशी ही अवस्था. पीळ भरला कीं दंतचक्रें एकमेकांवर इतकीं घट्ट दाबून बसतात कीं दांडा निघत नाहीं. आम्हीं जो जोर केला तो त्या पिळाविरुद्ध केला. वास्तविक अशा वेळीं गाडी सरळ रेषेंत चार-सहा हात मागें घ्यावी. पीळ उलगडतो आणि दांडा सहज सुटतो. एक चाक सडकेच्या कडेच्या मातींत उतरविलें तरी पुष्कळदां काम होतें. ही युक्ति आम्हांस त्या दिवशीं ठाऊक असती तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

वळणाचा पीळ वळण संपल्यावर थोडाबहुत तरी सैल होतो. झिजलेल्या टायरांचा पीळ सरळ रस्त्यावरहि थांबत नाहीं. हें आंकड्यांनीं पाहूं. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांस २१५/७५ आर १५ या मापाचा टायर असतो. त्यांतील पंधरा म्हणजे रिंगचा व्यास इंचांत. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. आणि ७५ म्हणजे रिंगच्या कडेपासून टायरची उंची रुंदीच्या शेंकडा पंचाहत्तर. यावरून नव्या टायरचा व्यास ७०३ मिलिमीटर व परीघ २२१० मिलिमीटर निघतो. नवी नक्षी ८ मिलिमीटर खोल धरिली व ती झिजून २ उरली, तर व्यास १२ मिलिमीटरांनीं कमी होतो आणि परीघ २१७२ वर येतो. फरक शेंकडा १·७. ऐकावयास अगदीं क्षुल्लक. पण एक किलोमीटर चालण्यास नव्या टायरास सुमारें ४५२ फेरे लागतात व झिजलेल्यास ४६०. दर किलोमीटरास आठ फेऱ्यांचा वाद, आणि दोन्ही शाफ्ट तर एकमेकांस जखडलेले! भार पडल्यावर टायर किंचित् दबतो, म्हणून प्रत्यक्ष आंकडे थोडे निराळे येतील. प्रमाण तेंच राहतें.

आमच्या गाडींत मागील चाकें मोठीं व पुढील लहान झालीं होतीं. वळणावर पुढच्यांस अधिक चालावयाचें, तीं तर प्रत्येक फेऱ्यास कमीच चालणार. म्हणजे वळणाचा पीळ व झिजेचा पीळ एकाच दिशेनें पडले. याच्या उलट पुढील टायर नवे व मागील जुने असते तर वळणापुरती दोहोंची थोडी वजाबाकी झाली असती. सरळ रस्त्यावर मात्र भांडण कायमच. एकच टायर नवा असेल तर त्या आंसाचें डिफरन्शियल फरकाची निम्मी वांटणी करतें, व शाफ्टापर्यंत निम्माच फरक पोंचतो. परंतु तेथें दुसरें दुखणें उद्भवतें. सरळ रस्त्यावर ज्या लहान दंतचक्रांनीं विसांवा घ्यावयाचा तीं अखंड फिरत राहतात व लवकर झिजतात.

कोणाच्या टायरांत किती फरक आहे हें घरच्या घरीं मोजतां येतें. चारही चाकांत पुस्तिकेंत सांगितलेली हवा भरावी. गाडी सपाट खळ्यावर किंवा अंगणांत उभी करून पुढील ओढ सोडलेली आहे याची खात्री करावी. प्रत्येक टायर जेथें जमिनीस टेकला आहे तेथें टायरवर व जमिनीवर खडूची खूण करावी. मग गाडी अगदीं सरळ ढकलीत न्यावी आणि प्रत्येक चाकाचे दहा फेरे मोजून, त्याची खूण दहाव्यांदा जमिनीस लागेल तेथें जमिनीवर पुन्हां खूण करावी. मोजणीच्या फितीनें दोन खुणांमधील अंतर घ्यावें. वरील मापाच्या टायरांचें तें सुमारें २२ मीटर येईल. आमच्या गाडींत नव्या-जुन्यांत ३७ सेंटिमीटरांचा, म्हणजे दीड वितीहून थोडा अधिक फरक निघाला. तो डोळ्यांनीं पाहिल्यावर आमच्या चिरंजिवांचा मिस्त्रींवर विश्वास बसला. तोंवर त्यांसहि ती बिल वाढविण्याची युक्तीच वाटत होती. वळण घरचेंच!

झीज सारखी नसेल तर ती कां नाहीं हें टायर स्वतःच सांगतो. दोन्ही कडा झिजल्या व मध्य शाबूत राहिला तर हवा कमी ठेवली जाते. मध्य झिजला व कडा उरल्या तर हवा जास्त. एकच कड गेली असेल किंवा नक्षीवर हात फिरवितांना एका बाजूनें गुळगुळीत व उलट बाजूनें करवतीसारखें लागत असेल, तर चाकांची दिशा बिघडली आहे. अलाइनमेंट करून घ्यावें. जागोजाग खळगे पडले असतील तर शॉक-अॅब्झॉर्बर थकले आहेत किंवा चाकाचा तोल गेला आहे. यांपैकीं हवेचा दोष सर्वांत अधिक आढळतो व त्याचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना पाहावी; चालून तापलेल्या टायरांत दाब वाढलेला दिसतो व आपली फसगत होते. चिखलांत कोणी मुद्दाम हवा कमी करतात, ती युक्ति खरी आहे. पण सडकेवर येतांच ती पुन्हां भरली पाहिजे, आणि नेमकें हेंच राहून जातें.

आतां फेरपालटीविषयीं. पिकांची फेरपालट कां करावी हें या मासिकाच्या वाचकांस आम्हीं शिकविणें धाडसाचें होईल. एकाच वावरांत तेंच पीक घेत गेलें म्हणजे जमिनीचा एकच थर व एकच कस खचत जातो. टायराचेंहि असेंच आहे. पुढील टायर सुकाणूंमुळें कडेनें घासतात, मागील टायर ओझ्यानें व ओढीनें मधोमध घासतात. जागा बदलत राहिलें म्हणजे झीज सर्वांवर सारखी वांटली जाते, आणि फोर-व्हील गाडींत हा सारखेपणा हाच मुख्य लाभ आहे. टायर अधिक टिकतो हा लाभ त्यामागून येतो. सर्वसाधारण नियम ८ ते १० हजार किलोमीटरांचा आहे. शेतावरच्या गाड्या तितक्या चालत नाहींत, म्हणून पावसाळ्यापूर्वीं एकदां व दिवाळीनंतर एकदां असा नेम आम्हीं ठेविला आहे.

पद्धत अशी. मागील दोन चाकें आपापल्या बाजूनें सरळ पुढें आणावीं. पुढील दोन चाकें मागें नेतांना बाजू बदलावी, म्हणजे पुढील डावें मागें उजवीकडे व पुढील उजवें मागें डावीकडे. ज्या टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो त्यांची मात्र बाजू बदलूं नये. ते त्याच बाजूस पुढें-मागें करावे.

यांत स्टेपनीचें काय? बहुतेकांची स्टेपनी गाडी घेतल्या दिवसापासून दाराला लटकलेली असते, आणि ती कोरी राहिली याचें आपणांस भूषण वाटतें. पण वाटेंत टायर फाटला म्हणजे तीच कोरी स्टेपनी तीन झिजलेल्या टायरांच्या जोडीला बसते, आणि वर सांगितलेला सगळा अनर्थ घरांतूनच उत्पन्न होतो. म्हणून स्टेपनी चारांच्याच मापाची असेल तर ती पांचवें चाक म्हणून पालटींत घ्यावी. आमच्या गाडींत पुढील उजवें चाक मागें न जातां स्टेपनी होतें, आणि स्टेपनी मागें डावीकडे येते. बाकीचीं तीन वरीलप्रमाणें. असें पांच वेळां केलें कीं प्रत्येक चाक पांचही जागा भोगून येतें. शिवाय यांत एक सरळ फायदा आहे. एक टायर ५० हजार किलोमीटर चालतो असें धरिलें तर चारांचा संच तितकाच चालेल. पांच आळीपाळीनें वापरले तर ६२ हजार ५०० चालतील. स्टेपनीचे पैसे आधींच दिलेले असतात, तिचें रबर मात्र उन्हांत वाळून फुकट जातें.

चाक बसवितांना नट एका मागोमाग न आंवळतां समोरासमोरचे आंवळावे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हां एकदां पान्हा लावावा. पुढील व मागील चाकांची हवा निराळी सांगितली असेल तर पालटीनंतर ती नव्या जागेप्रमाणें करावी.

आम्हीं या कामासाठीं एक वही घातली आहे. प्रत्येक टायरास आंतल्या बाजूनें रंगानें अ, ब, क, ड, इ अशीं अक्षरें घातलीं आहेत. वहींत तारीख, गाडीचे किलोमीटर, कोणता टायर कोठून कोठें गेला, आणि कडा व मध्य अशा तीन ठिकाणची नक्षीची खोली इतक्या नोंदी होतात. खोली मोजण्यास आगपेटींतील काडी खोबणींत उभी धरून नखानें खूण करावी व पट्टीवर लावून पाहावी, इतकें पुरे. शेजारचे लोक या वहीस टायरांचा सातबारा म्हणतात. म्हणोत. ब या टायराची आंतली कड पांच महिन्यांत दीड मिलिमीटर अधिक गेली हें त्या वहीनेंच दाखविलें, आणि अलाइनमेंट वेळेवर झालें.

टायर केव्हां टाकावा याची कायद्याची मर्यादा निश्चित आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें चारचाकी गाडीच्या टायराची नक्षी १·६ मिलिमीटरांहून कमी खोल असतां कामा नये. खोबणींच्या तळाशीं जागोजाग आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली कीं ही मर्यादा आली असें समजावें. आमच्या मतें चिखलांत जाणाऱ्या गाडीनें तितकी वाट पाहूं नये. नक्षी ३ मिलिमीटरांवर आलेला टायर मृगापूर्वींच बदलावा; पुढें तो चिखल धरून ठेवतो, सोडीत नाहीं. वयाचीहि एक मर्यादा आहे. टायराच्या बाजूवर कारखान्याच्या अक्षरांच्या शेवटीं चार आंकडे असतात. ते २३२१ असे असले तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला, म्हणजे जून महिन्यांतला. पांच वर्षांनंतर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावा व दहा वर्षांनंतर नक्षी कितीहि असो काढावा, असा टायर कारखानदारांचा सर्वसाधारण सल्ला आहे. शेतावरची गाडी कमी चालते, म्हणून नक्षी राहते व रबर भेगाळतें. नक्षी पाहून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. दुकानांतून नवा म्हणून घेतांनाहि ते चार आंकडे वाचावे.

बदलावयाचे तर चारही एकदम, एकाच कारखान्याचे व एकाच नक्षीचे. तेंच माप लिहिलेले दोन कारखान्यांचे टायर प्रत्यक्ष परिघास सारखे असतीलच असें नाहीं. येथें वाचक म्हणतील, कीं चार टायरांचे पैसे एका हातानें काढणें सर्वांस शक्य नसतें. खरें आहे, आम्हांसहि नव्हतें, म्हणून तर आम्हीं दोन घेतले. पण पालट नियमानें होत असेल तर सर्व टायर केव्हां संपतील याचा अंदाज दीड-दोन वर्षें आधीं येतो, आणि ऊसाच्या बिलांतून तितकी रक्कम बाजूस ठेवणें जमतें. अवचित एकच टायर फाटला व बाकीचे अर्धे झिजलेले असले तर त्याच मापाचा, त्याच नक्षीचा, तितकाच झिजलेला वापरलेला टायर मिळतो का पाहावें. मात्र त्याचें वय व आंतील बाजू तपासून घ्यावी. अगदींच दोन नवे घालावे लागले तर ते दोन्ही एकाच आंसावर घालावे, आणि चारही सारखे होईपर्यंत पुढील ओढ खऱ्या चिखलापुरतीच जोडावी, सडकेस लागण्यापूर्वींच सोडावी. टायर सारखे असले तरीहि कोरड्या सडकेवर ही ओढ जोडूं नये, हें वळणाच्या हिशेबावरून उघड आहे.

कांहीं गाड्यांत चारही चाकांस ओढ कायम असते. १९७० सालीं निघालेली रेंज रोव्हर ही त्यांतली एक. तिच्यांत दोन आंसांच्या मध्येंहि तिसरें डिफरन्शियल असल्यामुळें ती डांबरावर निर्वेध चालते. अलीकडील कांहीं मोटारींत त्याऐवजीं चकत्यांचा क्लच असतो व तो गरजेप्रमाणें आपोआप ओढ वांटतो. अशा गाडींत टायर विषम झाले तर चकत्या सतत घासून तापतात व जळतात. तेथें दांडाच नसल्यानें सोडण्याचीहि सोय नाहीं. अशी गाडी ज्यांच्याकडे असेल त्यांनीं पुस्तिकेंत टायरांतील फरकाची किती मर्यादा दिली आहे ती वाचून ठेवावी.

फोर-व्हील ट्रॅक्टराची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचीं पुढील चाकें लहान व मागील मोठीं, उदाहरणार्थ पुढें ८·००–१८ व मागें १३·६–२८. त्यामुळें पुढचा टायर मागें जाण्याचा प्रश्नच नाहीं. पण हिशेब तोच. कारखान्यांत दंतचक्रांचें प्रमाण असें ठेवितात, कीं ओढ जोडल्यावर पुढील चाकें मागच्यांपेक्षां किंचित् जलद चालावीं, म्हणजे तीं ट्रॅक्टर ओढीत नेतील, ढकललीं जाणार नाहींत. ही आघाडी सामान्यतः शेंकडा १ ते ५ असावी लागते. आतां मागील टायराचे दांते २० मिलिमीटर झिजले, तर सुमारें १·३ मीटर व्यासावर शेंकडा ३ घट होते व आघाडी तितकीच वाढते. पुढील टायर भराभर घासूं लागतात. उलट पुढील टायर झिजवून मागें नवे घातले तर आघाडी नाहींशी होते, आणि शेतांत सुकाणूं ऐकेनासें होतें.

हीहि मोजतां येते. कठीण पण मातीच्या सपाट जागेवर ट्रॅक्टर सरळ चालवून मागील चाकाच्या १० फेऱ्यांत पुढील चाकाचे किती फेरे होतात तें ओढ सोडून एकदां व जोडून एकदां मोजावें. सोडून १४ व जोडून १४½ आले तर अर्धा फेरा चौदांवर, म्हणजे आघाडी शेंकडा साडेतीन, ठीक आहे. पांचाच्या वर जाऊं लागली कीं मागील जोडीचा विचार करावा, एकाच्या खालीं आली कीं पुढील जोडीचा. नांगरटींत उजवीं चाकें तासांत चालतात, म्हणून पुढील दोन टायरांत झीज विषम झाली तर त्यांची बाजू बदलावी. मात्र रिंगवरून उतरवून असे बसवावे कीं बाण पुढेंच राहील. आणि ऊसाची भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या सडकेवर पुढील ओढ जोडून जाणाऱ्यांचे पुढील टायर मागच्यांच्या आधीं कां संपतात, याचें उत्तर वर आलेंच आहे.

काढलेले जुने टायर गोठ्यामागें उघडे टाकूं नयेत. त्यांत पावसाचें पाणी सांचतें व डेंग्यूचे डास होतात. झिजलेला टायर बांधावर मारून ठेवावयाचा असेल तर त्यास खालच्या बाजूनें भोंकें पाडावीं. आमच्या मळ्यांतील विहिरीच्या धक्क्यास असे दोन टायर लावलेले आहेत, ते त्याच प्रसंगांतले.